यंत्राला न दाखवलेली वाट

आमच्या सायकल क्लबातल्या लोकांना रस्ता सापडत नाही, म्हणून त्यांना यंत्र हवं होतं. मूळ गोष्ट एवढीच. बाकीचं सगळं सोंग.

क्लब हुबळीचा. रविवारी उजाडायच्या आत सायकली मोटारींच्या टपावर बांधायच्या, धारवाडच्या पुढं अळणावरच्या बाजूला जंगलाच्या तोंडाशी उतरवायच्या, दोनेक तास चिखलातून आणि दगडांवरून हाणायच्या, परत टपावर चढवायच्या आणि धारवाडात गिरमिट-मिरची, म्हणजे कालवलेले चुरमुरे आणि मिरचीची भजी, खाऊन घरी यायचं. सायकल माणसाला नेते अशी माझी लहानपणापासूनची समजूत. इथं माणसं सायकलीला नेतात. फोटोखाली मात्र ‘पर्यावरणासाठी एक पाऊल’ असं लिहायचं विसरत नाहीत.

यांच्यात मी कशी, तर जंगल-तळ्यांवर गावाचा हक्क मागणाऱ्या आमच्या संघटनेची पत्रकं घेऊन मी गावोगाव फिरते. बस जात नाही तिथं सायकलनं. क्लबातल्या एकाने जुनी झाली म्हणून टाकलेली माउंटन बाइक मला मिळाली, आणि क्लबाला फोटोत एक बाई हवी होती. दोघांचीही सोय झाली.

एका रविवारी मी नव्हते, आणि ही मंडळी जंगलात चुकली. फोनला रेंज नाही, नकाशा आधी उतरवून घेतलेला नाही, सागवानाखाली सगळं सारखंच दिसतं. कसेबसे बाहेर आले आणि पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांच्या केशवापूरच्या बंगल्यावर बैठक बोलावली. विषय, क्लबासाठी जीपीएस यंत्र कुठलं घ्यावं.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर. यंत्रांची माहिती द्यायला एक आयटीवाला, जो बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरात बसून करतो आणि क्लबात मात्र उभा राहून बोलतो. त्याने भिंतीवरच्या टीव्हीवर फोटो लावला आणि म्हणाला, “पण चुकलो ते बरंच झालं. आम्ही एक व्हर्जिन ट्रेल शोधला.”

फोटोत जंगलातलं एक वळण होतं आणि वळणावर खांद्याइतका उंच उभा दगड.

“ही कुठल्यातरी जुन्या राजवटीची शिळा असावी,” डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, “भारा टेकायचा दगड आहे तो. डोक्यावरचं सरपण कुणाच्या मदतीशिवाय उतरवता यावं म्हणून. माझ्या मावशीच्या गावची वाट आहे ती.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू मी त्यांच्या केकमधला एक तुकडा उचलला होता.

“तुम्ही बाहेर कसे पडलात?” मी विचारलं.

“पुढं काही बायका चालल्या होत्या. भारे घेऊन. त्यांच्या मागं मागं गेलो, गाव लागलं, तिथून रोड.”

“मग शोधला कुणी?”

“येन अक्का, काय हे,” आयटीवाला हसत म्हणाला, “शोधला म्हणजे मॅपवर नव्हता.”

मॅपवर नाही म्हणून तर आहे ती वाट. लहानपणी सुट्टीत मी तिच्यावरून चालले आहे. मावशीच्या गावच्या बायका तिच्यावरून मजुरीला हमरस्त्याला जातात आणि येताना वाळकी लाकडं आणतात. जंगल वनखात्याचं, लाकूड उचलायला मनाई. खात्याच्या गार्डाला हे ठाऊक आहे, आणि तो दुसरीकडं बघतो. शेजारच्या गावचीही अशीच एक वाट होती. तिच्यावर मोटारसायकलवाले यायला लागले, त्यांचे व्हिडिओ फिरले, खात्यात वर कुणाच्या तरी नजरेत आले आणि जेसीबी येऊन वाटेवर आडवा चर मारून गेला. मोटारसायकलवाले दुसरं जंगल बघून गेले. गावाला आता लांबच्या वळशानं जावं लागतं. हे सगळं मी बैठकीत सांगितलं. लोकांनी बदाम खात ऐकलं.

मग यंत्रं निघाली. फोनच हँडलला अडकवायचा हा पर्याय पहिल्यांदा गेला, कारण त्याचा अनुभव ताजा होता. दुसरं होतं रंगीत पडद्याचं, काडेपेटीहून थोडं मोठं. ते तुम्हाला वळणं सांगतं, छातीचे ठोके मोजतं, आणि राइड संपली की तुम्ही कुठून कुठं गेलात ती सगळी रेषा आपण होऊन इंटरनेटवर चढवतं. जगातला कुणीही ती बघू शकतो. जितके जास्त लोक एका वाटेनं जातील तितकी ती रेषा नकाशावर लाल होत जाते. आयटीवाल्याला हे सांगताना जो आनंद होत होता तो मी एरवी फक्त बारशाला बघितला आहे.

तिसरं मी नेलं होतं. आमच्या संघटनेत तळ्यांवरची अतिक्रमणं मोजणारा एक कार्यकर्ता आहे, त्याचं. जाडजूड, बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं. ओल्या बोटांनी चालतं, हातमोज्यांनी चालतं, पडलं तरी चालतं. आणि रेषा पोटात ठेवतं. तुम्ही वायर लावून काढून घेत नाही तोवर कुणाला दाखवत नाही.

“हा तर टीव्हीचा रिमोट,” डॉक्टर म्हणाले आणि सगळे हसले.

“रिमोट म्हणा. पण गप्प बसतो.”

“मॅडम, शेअर केलं नाही तर गेल्याचा उपयोग काय?”

हे वाक्य मी शब्दाला शब्द दिलं आहे. याच्यावर मला काही जोडायचं नाही.

तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांचा खास प्रश्न काढला. “घर लपवता येतं ना? बायकोनं विचारायला सांगितलंय. एवढी महागाची सायकल कुठं ठेवली आहे ते चोराला दिसायला नको.”

“हौद्री, येतं सर. घराभोवती एक गोल काढायचा. गोलाच्या आतली रेषा कुणाला दिसत नाही.”

लगेच सगळे सरसावून बसले. गोल किती मोठा निघतो, मुलीच्या शाळेभोवती काढता येतो का, क्लिनिकभोवती काढता येतो का. आत्तापर्यंत ज्यांना जगाला सगळं दाखवायचं होतं, ते आपापल्या फाटकाशी आल्यावर एकदम लाजले.

मी म्हटलं, “मग एक गोल त्या वाटेवर काढा.”

“तो फक्त घरासाठी असतो,” आयटीवाला म्हणाला. “राइडची सुरुवात आणि शेवट लपतो. मधलं लपत नाही. आणि वाट म्हणजे काय घर नव्हे.”

“ज्या वाटेनं चुलीचं लाकूड येतं ती घरातच येते.”

“बिड्री अक्का, सोडा,” मागून कुणीतरी म्हणालं, “दर वेळी पत्रक नको.”

ठरलं असं, की येत्या रविवारी त्याच व्हर्जिन ट्रेलवर दोन्ही यंत्रं चालवून बघायची आणि मग हात वर करून निकाल लावायचा. चाचणीला दुसरं जंगल घ्या असं मी म्हटलं. त्यावर कुणीतरी बदामाची वाटी माझ्यापुढं सरकवली.

शनिवारी मी मावशीकडं गेले. मावशी, तिची सून आणि शेजारची म्हातारी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी यंत्राचं, रेषेचं, लाल होण्याचं सगळं सांगितलं.

“म्हणजे ती घट्ट चड्डीवाली माणसं तुझी होय गे?” मावशी म्हणाली.

“माझी नव्हेत. त्यांच्याबरोबर सायकल चालवते फक्त.”

“तेच की. त्या दिवशी आमच्या मागं मागं आली. त्यातला एक म्हणतोय, अक्का, थांब, फोटो. माझ्या डोक्यावर भारा. मी म्हटलं, तू धर भारा, मी काढतो फोटो.”

सून म्हणाली, “येऊंदेत की आत्याबाई. वाटेच्या तोंडाला चहाचं टपरं टाकतो.”

“टाक की. चर मारायला जेसीबीवाला येईल, त्याला पण पाज.”

सुनेला ते आवडलं नाही. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. रोजच्या मजुरीपेक्षा टपरी बरी. पण टपरी चार महिने चालली असती आणि चर कायमचा राहिला असता.

मग मावशी माझ्याकडं वळली. “आणि तू गे. मागं इथंच बसून काय सांगालतीस? सगळं कागदावर आणा. तोंडी कारभाराला किंमत नाही. पत्रक वाचून दाखवलीस, आमचे अंगठे घेतलीस. आता म्हणालीस, दाखवू नका. एक काय ते ठरव.”

“आपण अर्ज केला तो हक्क म्हणून केला. वाट आमची आहे असं त्यात आपण म्हटलंय. हे लोक नकाशावर टाकतील ते त्यांच्या नावानं, त्यांच्या खेळासाठी.”

“अर्ज कुठं आहे मग?”

“कचेरीत. टेबलावर.”

“अर्जाला पाय नाहीत, आणि ह्यांच्या रेषेला पंख.” तिनं शेंगा सुपात टाकल्या. “गार्डाला ठाऊक आहे, ते चालतंय. वरच्या साहेबाला दिसलं की चालत नाही. त्याला दिसलं की त्याला काहीतरी करावं लागतंय.”

शेजारच्या म्हातारीनं विचारलं, “त्या सायकलीच्या चाकाला काय सोसत नाही?”

“काटा,” मी म्हटलं.

पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चहा झाला, मी निघाले.

रविवारी झिमझिम होती. आयटीवाल्याच्या हँडलवर रंगीत पडदा, माझ्या हँडलवर रिमोट. पडद्याला पावसाचे थेंब म्हणजे बोटंच वाटायची, त्यामुळं तो आपण होऊन पानं उलटत होता. नकाशा मागितला की ठोके दाखवायचा. आयटीवाला म्हणाला, फर्मवेअरचा प्रश्न आहे. रिमोटचा पडदा राखाडी, आकडे बारीक, पण आम्ही कुठं आहोत ते मुकाट्यानं सांगत होता. हे मी मोठ्यानं बोलूनही दाखवलं. कुणाला ऐकायला आलं नाही.

वाटेच्या तोंडाशी पालापाचोळा जरा जास्तच होता. मी मागं राहिले. पुढचे जोरात आत शिरले, आणि वळणाच्या आधीच एकामागून एक फुस्स असे आवाज यायला लागले. पाल्याखाली बोराट्या अंथरल्या होत्या, त्यांच्या पलीकडं आणखी, आणि त्यांच्यापुढं वाटेवर आडवं चक्क कमरेइतकं काट्यांचं कुंपण. आयटीवाल्याच्या टायरमध्ये ट्यूब नव्हती, पंक्चर आपोआप बुजवणारं औषध होतं, त्याचं त्याला फार कौतुक. ते औषध दुधासारखं पांढरं त्याच्या पोटऱ्यांवर उडत होतं आणि बुजत काही नव्हतं. डॉक्टर खाली बसून पकडीनं काटे उपटत होते. आयुष्यभर दाढा काढलेला माणूस, पण काटा मुळाशी मोडायचा.

कुंपणापलीकडनं मावशीची सून आली. डोक्यावर भारा. कन्नडमध्ये म्हणाली, “इकडं वाट नाही री.”

“त्या दिवशी होती की,” डॉक्टर म्हणाले.

“त्या दिवशीचं त्या दिवशी.”

माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. इतकं छान न बघणं मी कधी बघितलेलं नाही.

सायकली ढकलत सगळे बाहेर आले. धारवाडात गिरमिट खाता खाता हात वर झाले आणि रंगीत पडदा जिंकला. जंगलात तो चालला की नाही याचा विषयच निघाला नाही. तो ठोके मोजतो, घरी बायकोला नवरा कुठं आहे ते दाखवतो, आणि त्याला गोल काढता येतो, एवढं पुरलं. रिमोटच्या बाजूनं माझा एक हात. यंत्रानं तिथंच टेबलावर आपली पहिली रेषा जगाला दाखवली. ती जंगलाच्या कडेपर्यंत जाते आणि तिथून परत फिरते. तिच्याखाली आयटीवाल्यानं लिहिलं, ‘ट्रेल बंद. काटे. जाऊ नका.’ पाचातला एक तारा दिला. क्लबानं लोकांच्या उपयोगाचं काही लिहिलेलं मला ठाऊक असलेलं हे पहिलंच.

मग तो प्लेट बाजूला सारून म्हणाला, “लोकांना सिव्हिक सेन्स नाही. पब्लिक वाटेवर काटे टाकतात.”

“पब्लिक वाट?” मी म्हटलं. “हे लिहून द्याल?”

“कशाला?”

“गावाच्या अर्जाला जोडायला. वाट सार्वजनिक आहे, आपण स्वतः तिच्यावरून गेलो, एवढंच. सही करा.”

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तोही थांबला. म्हणाला, कंपनीच्या नियमात असल्या भानगडी बसत नाहीत. डॉक्टरांकडं बघितलं, तर त्यांना मिरची तिखट लागली होती. जगाला छातीचे ठोके दाखवणाऱ्या एवढ्या माणसांत एका ओळीखाली सही करणारा एक निघाला नाही.

क्लब आता दुसऱ्या बाजूला जातो. मी जात नाही. अर्ज अजून टेबलावर आहे, आणि वाटेवर काटे आहेत. ते रोज सारावे लागतात. हमरस्त्याला जाताना ठीक आहे, पण परत येताना डोक्यावर भारा असतो आणि काटी उचलायला वाकता येत नाही. मग भारा उतरवा, काटी सारा, पलीकडं जा, काटी परत लावा, भारा चढवा. एकटीला जमत नाही, म्हणून आता बायका जोडीनं जातात, आणि जोडी नसेल त्या दिवशी जातच नाहीत. हुबळीतल्या माणसांना रविवारी करमत नाही, त्याची ही मजुरी.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा सून कुरकुरत होती. बोराटी वाळली की ठिसूळ होते, नवीन तोडून आणावी लागते. कुणी कधी तोडायची त्याच्या पाळ्या लावल्यात. मी म्हटलं, एक पाळी मला द्या.

“ये की,” मावशी म्हणाली. “सायकल रोडवरच ठेव.”