पट्ट्यातली चार बोटं

“वासनिकजी, इसमें सोचना क्या है? मिसयूज लिखिए और फाइल बंद कीजिए,” खुराना साहेब म्हणाले.

खुराना साहेब आमचे प्लांट हेड. आम्हा दोघांच्या मधे टेबलावर लहान मुलाची कारसीट ठेवलेली होती. निळी, आमच्याच कंपनीची. तीन आठवड्यांपूर्वी तिच्यात बसलेली दीड वर्षाची मुलगी अपघातानंतर दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारली. सीट तिच्या वडिलांनी स्वतः आणून दिली होती. सोबत कापडी पिशवी होती आणि एका कागदावर इंग्रजीत एकच ओळ: माझं काय चुकलं ते कळवा. खाली सही, समीर साठे.

मिसयूज म्हणजे ग्राहकाने वस्तू चुकीची वापरली. आमच्या धंद्यात हा फार सोयीचा शब्द आहे.

“सर, मी अजून सीट तपासलेलीच नाही.”

“तो चेक कर लीजिए. लेकिन शुक्रवार तक.”

तेव्हा गुडगावात दर महिन्याला नवा टॉवर उभा राहत होता आणि त्यात राहायला येणाऱ्या बहुतेकांची ती पहिलीच गाडी असायची. मागच्या सीटला पट्टा असतो हेच अनेकांच्या गावी नव्हतं. असला तर तो सीटकव्हरखाली दडपलेला. मुलं पुढे, आईच्या मांडीवर. अशा दिवसांत आमच्या कंपनीने एका युरोपियन डिझाइनवर कारसीट बनवायला घेतली. प्लास्टिकचा सांगाडा बाहेरून यायचा, कव्हर आणि पट्टे आमच्याकडे शिवले जायचे. मी प्रॉडक्ट इंजिनिअर. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, अमरावतीहून दिल्लीला बदलून आलेले. मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमधून मी रोज चार्टर्ड बसने गुडगावला यायचे.

मी साठेंना फोन केला. माझं मराठी ऐकून तेही मराठीत बोलू लागले. मग त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. जानेवारीची सकाळ, जयपूर हायवे, दाट धुकं. ते गाडी हळू चालवत होते. समोर रस्त्यातच एक ट्रक उभा होता, मागे दिवा नाही. ब्रेक लागला, पण पुरता नाही. पुढे बसलेल्या नवरा-बायकोच्या छातीवर पट्ट्याचे वळ उठले, एवढंच. मागे त्यांची मुलगी ओवी सीटमध्ये होती. तिचं डोकं पुढच्या सीटच्या पाठीवर आदळलं.

“पट्टा लावला होता का?” मी विचारलं. विचारणं भाग होतं.

“लावला होता, मॅडम. मी स्वतः ओढून पाहिला होता. घट्ट होता.”

असं सगळेच सांगतात. मी वहीत लिहून घेतलं आणि पुढे गेले.

कारसीटचं तत्त्व साधं आहे. गाडी अचानक थांबते, पण आतलं शरीर थांबत नाही. ते आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं. त्याला गाडीसोबत थांबवायचं काम पट्ट्याचं. आमच्या सीटला असे पाच पट्टे होते: दोन खांद्यांवरून, दोन कमरेजवळून आणि एक पायांमधून. पाचही पोटापाशी एका बकलमध्ये अडकतात. या सगळ्याला हार्नेस म्हणतात. तो अंगाला लागून असेल तरच उपयोगाचा. मधे जागा राहिली, तर शरीर आधी त्या जागेतून पुढे झेपावतं आणि लहान मुलाचे अरुंद खांदे पट्ट्यांतून बाहेर निसटतात. आज एवढ्या लहान मुलाला मागे तोंड करून बसवा असं सांगतात. तेव्हाच्या नियमांनुसार नऊ किलोच्या पुढे सीटचं तोंड समोर केलेलं चालायचं.

मी सीट उघडली. सांगाड्याला तडा नव्हता. गाडीचा पट्टा सीटच्या ज्या खाचेतून जायला हवा, त्याच खाचेत त्याच्या घासल्याच्या खुणा होत्या. म्हणजे सीट गाडीत बरोबर बसवली होती. बकल शाबूत.

मग मी हार्नेसचे पट्टे भिंगाखाली धरले. जोराचा धक्का बसतो तेव्हा पट्टा ज्या क्लिपमध्ये अडकलेला असतो, तिथे त्याचे धागे चुरगळतात आणि चकचकीत होतात. त्या खुणेवरून धक्क्याच्या क्षणी पट्टा किती लांब होता हे कळतं. मी पट्टा बरोबर त्या खुणेवर लावला. दहा किलोची वाळू भरलेली आमची चाचणीची बाहुली सीटमध्ये बसवली आणि तिच्या छातीवर, पट्ट्याखाली हात घातला.

माझी चारही बोटं आडवी आत गेली.

एवढा सैल पट्टा म्हणजे नसल्यातच जमा. साठे खोटं बोलत होते, नाहीतर त्यांची आठवण. मी ‘मिसयूज’ लिहायलाच बसले होते. तेवढ्यात पिशवी राहिली आहे हे लक्षात आलं.

पिशवीत दोन गोष्टी होत्या. एक आमचं माहितीपत्रक. आठ पानांचं, प्रत्येक पान पेन्सिलीने अधोरेखित केलेलं. प्रत्येक सूचनेपुढे बरोबरची खूण. खांद्यांच्या पट्ट्याच्या सूचनेला दोन खुणा. दुसरं, एक गुलाबी, फुगीर जॅकेट. दिल्लीच्या थंडीत मुलांना घालतात तसं, आत कापूस भरलेलं. हॉस्पिटलमध्ये ते कात्रीने मधोमध कापलेलं होतं.

मी ते बाहुलीला घातलं आणि कापलेल्या जागी टाचण्या लावल्या. पट्ट्याची लांबी एका सुतानेही बदलली नाही. बकल लावलं.

पट्टा अगदी घट्ट बसला. एक बोटसुद्धा शिरेना.

साठेंनी जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. त्यांनी पट्टा घट्ट ओढला होता, पण तो मुलीवर नव्हे, जॅकेटमधल्या हवेवर बसला होता. धक्क्यात हवा दबली आणि चार बोटांची जागा मोकळी झाली.

युरोपियन कंपनीच्या मूळ पुस्तिकेत यावर एक पूर्ण पान होतं. जाड कोटातल्या मुलाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. ते पान मला चांगलं माहीत होतं. कारण बत्तीस पानांची ती पुस्तिका आठ पानांवर आणली होती मीच. फाइल काढली. त्या पानाच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: बर्फाळ देशांसाठी. इंडियात लागू नाही.

ते लिहिलं तो मे महिना होता. आमच्या ऑफिसचा कूलर बंद पडला होता.

शुक्रवारी मी दोन पानांचा रिपोर्ट दिला. त्यात माझी ती ओळही जशीच्या तशी टाकली. खुराना साहेबांनी तो सावकाश वाचला.

“आपने ये अपने खिलाफ लिखा है. समझती हैं आप?”

“हां सर.”

“कंपनी के भी खिलाफ.”

सोमवारी साठेंना कंपनीचं पत्र गेलं. उत्पादनात दोष आढळला नाही, वापर सूचनांना अनुसरून नव्हता. मी सही करायला नकार दिला होता, म्हणून क्वालिटीच्या मॅनेजरची सही घेतली.

शनिवारी मी साठेंच्या घरी गेले. नव्या टॉवरमध्ये अकरावा मजला, निम्मे फ्लॅट अजून रिकामे. त्यांनी दार उघडलं. पत्र टेबलावरच होतं. त्यांची बायको, गौरी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मी रिपोर्टची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं, “तुमचं काही चुकलं नाही. जे छापलं होतं ते सगळं तुम्ही केलंत. जे छापायला हवं होतं, ते मी काढून टाकलं.”

साठेंनी दोन्ही पानं वाचली. गौरीने वाचली नाहीत.

“म्हणजे जॅकेट,” ती म्हणाली. “ते मी घातलं होतं. तिला खोकला होता.”

मी काहीतरी बोलायला गेले. तिने हात वर केला.

“नसतं घातलं तर वाचली असती?”

“ते खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण पट्ट्याने तिला धरून ठेवलं असतं.”

साठेंनी दोन्ही पानं पत्रावर ठेवली. मग गौरीने विचारलं, “अशा किती सीट विकल्यात तुम्ही?”

“सातशेच्या आसपास.”

“त्या लोकांना सांगितलंत?”

“नाही.”

“मग इथे काय करताय?”

मी खाली आले.

सीट विकत घेणारे काही लोक वॉरंटीचं कार्ड भरून पाठवायचे. माझ्या कपाटात अशी दोनशेच्या वर कार्डं होती. मी सोमवारपासून ऑफिसच्याच फोनवरून, सगळ्यांच्या देखत, एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. जॅकेट काढा, मग पट्टा लावा. एकाने धन्यवाद दिले. एक बाई ओरडल्या, “बच्चे को ठंड लग जाएगी, आपका क्या जाता है?” एकाने सांगितलं, सीट पसंत नव्हती, कुणाला तरी देऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी खुराना साहेब माझ्या टेबलाशी आले.

“किसकी परमिशन से?”

“किसीकी नहीं, सर.” मी पुढचं कार्ड उचललं. मग विचारलं, “सर, आपका पोता कौनसी सीट में बैठता है?”

ते केबिनमध्ये गेले. काचेतून मला दिसलं, त्यांनी फोन उचलला आणि उभ्यानेच बोलू लागले. बोलता बोलता त्यांनी खांद्यावरून पट्टा ओढल्यासारखा हात केला. त्यानंतर माझे फोन कुणी थांबवले नाहीत. साठेंना गेलेलं पत्र मात्र कधीच मागे घेतलं गेलं नाही. ते मागे घेणं म्हणजे कबुली, असं कंपनीच्या वकिलाचं म्हणणं होतं. साठेंनी माझी प्रत घेऊन ग्राहक मंचात दाद मागितली. मी साक्ष दिली आणि त्या वर्षअखेर नोकरी सोडली.

जॅकेटच्या चित्राचं लेबल सीटवर शिवलं जाऊ लागलं ते मार्चमध्ये, थंडी संपल्यावर. कार्ड न भरलेल्या पाचशे घरांपर्यंत मी पोचू शकले नाही. त्या सीट कुठे गेल्या, त्यांत कोण बसलं, मला माहीत नाही.

अजूनही कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. थंडीत मुलाला सीटमध्ये बसवताना आधी जॅकेट काढा. पट्टा ओढा आणि खांद्यापाशी त्याची चिमटीत घडी पडते का बघा. पडली, तर तो सैल आहे, आणखी ओढा. मग वरून शाल पांघरा. एवढं होईपर्यंत मूल गारठतं आणि रडतं. रडू द्या.