नॉर्बर्टचे टेकू

नॉर्बर्ट किटलसनला डुगडुगणारी वस्तू बघवत नसे. हॉटेलात गेला की आधी टेबल हलवून पाहायचा, मग कागदी रुमालाची घडी करून पायाखाली सारायचा, आणि त्यानंतर काय मागवायचं ते बघायचा. चर्चमध्ये पाद्रीबुवा नरकाचं वर्णन करत असताना याचा हात बाकाखाली ढिल्या स्क्रूच्या शोधात फिरत असे. आर्लिसशी पहिली भेट झाली तीही अशीच. मिनेसोटातल्या त्यांच्या गावी चर्चच्या तळघरात जेवण होतं आणि हा पठ्ठ्या टेबलाखाली पालथा पडून त्याचा पाय घट्ट करत होता. आर्लिसला आधी त्याचे बूट दिसले, मग उसवलेली पँट, आणि बऱ्याच वेळाने चेहरा. "चेहरा आधी दिसला असता तर वाचले असते," असं ती लग्नानंतर येईल-जाईल त्याला सांगायची.

नोकरीही त्याला मनासारखी मिळाली. गावच्या शाळेत बाकं, दारं, खिडक्या, जे काही हलेल ते हलेनासं करायचं. निवृत्त झाल्यावर मात्र आर्लिसने हट्टच धरला. घर विकलं, घरगाडी घेतली, आणि बर्फ पडायला लागलं की बाकीच्या पांढऱ्या डोक्यांच्या थव्याबरोबर दोघं ॲरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झसाइट गावाबाहेर येऊन राहू लागली. जन्मभर जग घट्ट करत आलेल्या माणसाच्या नशिबी चाकांवरचं घर आलं. यात देवाचा काही हेतू असेल तर तो खट्याळ होता.

त्यातून त्या गाडीला खण होता. म्हणजे असं, की बटण दाबलं की सोफा, जेवायचं टेबल, खिडकी, भिंत यांच्यासकट एक अख्खी खोली टेबलाच्या खणासारखी गाडीच्या कुशीतून बाहेर सरकते आणि खाली काहीही नसताना तशीच अधांतरी राहते. वाळवंटातले बाकीचे लोक त्या लटकत्या खोलीत बसून खुशाल पत्ते कुटतात. नॉर्बर्टला मात्र पहिल्याच दिवशी कॉफीच्या कपात लाटा दिसल्या आणि त्याची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी त्याने लोखंडी जॅक आणले, खाली लाकडी फळ्या घातल्या आणि खणाच्या दोन कोपऱ्यांना दोन टेकू दिले.

आता या प्रश्नावर वाळवंटात दोन पंथ आहेत. एक टेकूवाल्यांचा, एक बिनटेकूवाल्यांचा. देव आहे की नाही यावर तिथे कोणी भांडत नाही, पण खणाखाली टेकू द्यावा की नाही यावरून माणसं एकमेकांच्या घरची कॉफी सोडतात. दुसऱ्या पंथाचा मुखिया डेलमर पिकेट नेमका नॉर्बर्टच्या शेजारी. ओक्लाहोमाचा, हयात गुरांच्या लिलावात बोली पुकारण्यात गेलेली, त्यामुळे तो कानात सांगितलेली गोष्टही तिसऱ्या गाडीपर्यंत पोचवायचा.

"नॉर्ब, अरे कंपनीच्या पुस्तकात ढळढळीत छापलंय, टेकू देऊ नका म्हणून! गाडी जमिनीत दबते, तिच्याबरोबर खणही खाली यायला हवा. तू त्याला खालून रेटून धरलास तर सगळा सांगाडा पिळवटेल!"

"पुस्तक लिहिणारा माझ्या गाडीत राहत नाही."

"बायबल लिहिणाराही राहत नव्हता, ते बरं मुकाट्याने मानतोस!"

"त्यात टेकूविरुद्ध काही नाही," नॉर्बर्ट म्हणायचा आणि जॅकला आणखी एक आटा द्यायचा.

हे असंच हसतखेळत चाललं असतं. पण गेल्या हिवाळ्यात आर्लिस त्याच खणात पडली. नॉर्बर्ट बाहेर खुर्चीत घोरत होता, धप्पकन आवाज आला, आत जाऊन बघतो तर ही सोफ्याच्या पायाशी. खुबा मोडला होता. डॉक्टरांनी नवा बसवला, चांगला बसवला, आणि सांगितलं की आता भरपूर चाला. नॉर्बर्टने त्यातलं काहीच ऐकलं नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की जमीन हलली म्हणून आर्लिस पडली, आणि जमीन हलली कारण आपण टेकू कमी लावले.

या हिवाळ्यात खणाखाली सहा टेकू आले. सातवा टेकू म्हणजे नॉर्बर्ट स्वतः. आर्लिस उठली की याचा हात तिच्या कोपराखाली. कपडे धुवायला निघाली, कोपराखाली. संडासाच्या दारापर्यंत कोपराखाली, आणि दाराबाहेर उभं राहून "झालं का गं?" ते वेगळंच. आधी वाळवंटातल्या बायका "किती जपतो हो!" म्हणाल्या. महिन्याभराने त्याही फिदीफिदी हसायला लागल्या.

आर्लिसचा संयम नाचाच्या आठवड्यात संपला. शनिवारी दुपारी मोठ्या तंबूत नाच होता. दुपारीच, कारण या मंडळींची रात्र साडेआठला होते. त्याच्या दोन-तीन दिवस आधी सकाळी कॉफी पिताना तिने कप खाली ठेवला.

"नॉर्बर्ट, शनिवारी मी नाचाला जाणार. माझ्या पायांनी, एकटी चालत. तू मला हात लावायचा नाहीस."

"अगं, पण वाटेत खडी आहे..."

"खडी माझी मी बघेन. आणि हात लावलास ना, तर रविवारी कार्लाला फोन करते. पोरगी कधीची मागे लागलीये, गाडी विका आणि माझ्याकडे या म्हणून. जाते मी. तिच्या तळघरात बसून टीव्ही बघते. तिथे जमीन सिमेंटची आहे, बाबा. अजिबात हलत नाही. तुला आवडेल."

ही बाई फुकाच्या धमक्या देत नाही हे नॉर्बर्टला ठाऊक होतं. हात लावला तर हे वाळवंट, ही गाडी, आर्लिसचं हसणं सगळं संपणार, आणि नाही लावला तर ती पुन्हा पडणार. तो खरंच घाबरला होता. मग घाबरल्यावर तो जे करायचा तेच त्याने केलं. खणाखाली शिरून सहाही जॅक आवळून आला.

शुक्रवारी पाऊस झाला. वाळवंटात तो कधीतरीच येतो, पण आला की वर्षाचा हिशोब एकदम चुकता करतो. शनिवारी उन्हं आली तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही, पण नॉर्बर्टच्या गाडीची मागची चाकं चिखलात चांगलीच रुतली होती. टेकूंखाली त्याने फळ्या घातल्या होत्या. चाकांखाली काही घालायचं त्याला सुचलंच नव्हतं. गाडी खाली गेली आणि खण सहा टेकूंवर ताठ मानेने वरच राहिला.

तीनच्या सुमाराला आर्लिस झोपायच्या खोलीत कपडे बदलायला गेली आणि आतून ओरडली, "नॉर्बर्ट, दार उघडत नाहीये!"

सरकतं दार चौकटीत गच्च अडकलं होतं. नॉर्बर्टने ओढलं, ढकललं, तेल सोडलं, पेचकस घातला, शिवी घातली. दार हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी वस्तू इतकी घट्ट केली होती की त्याच्याच्याने ती सुटेना. बाहेर आला तर डेलमर कंपनीचं पुस्तक हातात घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर पोरगा पास झाल्याचा आनंद होता.

"पिळवटली!" त्याने सगळ्या वाळवंटाला जाहीर केलं. "मी म्हटलं होतं की नाही? पान अठ्ठेचाळीस!"

"बायको आत अडकलीये माझी!"

"तेही मी म्हटलं असतं, पण पुस्तकात नव्हतं."

तेवढ्यात ट्वायला आली. नाचाची सगळी व्यवस्था तिच्याकडे, गळ्यात ॲकॉर्डियन तसंच अडकवलेलं. "आर्लिस कुठाय? पहिला पोल्का नाच तिचा ठरलाय!"

मागची खिडकी उघडली आणि आर्लिसचं डोकं बाहेर आलं. केस नीट बसवलेले, ओठांना लाली. "मी इथे आहे. माझ्या नवऱ्याने मला डब्यात भरून ठेवलंय."

"शिडी आणतो!" नॉर्बर्ट म्हणाला. "खिडकीतून ये, मी धरतो तुला."

"म्हणजे शेवटी तू धरणारच? खिडकीतून पोत्यासारखी उतरणार नाही मी. टेकू काढ, दार मोकळं होईल. डेलमर इतक्या वेळा बोंबललाय की मलाही पाठ झालंय."

नॉर्बर्टने पाना हातात घेतला, गुडघे टेकले, आणि तिथेच थांबला. हात पुढे जाईना.

"काय झालं?" आर्लिसने विचारलं.

"टेकू काढले की जमीन पुन्हा हलणार." तो जॅककडे बघत म्हणाला. "मागच्या वेळी दोनच होते म्हणून पडलीस तू. माझ्यामुळे पडलीस. पुन्हा पडलीस तर मी काय करू? डेलमर, हसू नकोस रे."

डेलमर हसत नव्हता. आर्लिस खिडकीतून आणखी बाहेर वाकली.

"नॉर्बर्ट," ती म्हणाली, "जमीन हलली नव्हती. मी हलले होते."

"म्हणजे?"

"तू बाहेर झोपला होतास. रेडिओवर पोल्का लागला. मी वाइनचे दोन ग्लास घेतले होते आणि पायात लोकरीचे मोजे होते. सोफ्यापाशी गिरकी घेतली आणि गेले. टेकूचा काही संबंध नव्हता."

"दोन ग्लास?" ट्वायलाने विचारलं.

"तीन. तू ॲकॉर्डियन सांभाळ."

नॉर्बर्ट चिखलात बसलाच. "वर्षभर! वर्षभर मी या लोखंडाखाली लोळतोय! बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पण दवाखान्यात तू रडत म्हणालास, माझी चूक झाली. आणि मग गाडीत परतल्यावर आठवडाभर भांडी घासलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, दोन दिवस चालू दे. मग मला बोलायची लाज वाटायला लागली. आणि तुझे टेकू वाढत गेले." तिने नाक पुसलं. "चुकलं माझं. आता काढ ते, थंडी वाजतेय मला."

नॉर्बर्टला आधी संताप आला. डेलमरपेक्षा मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण त्या संतापाखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. आपल्यामुळे ती पडली नव्हती. ते ओझं वर्षभर छातीवर होतं हे ते उतरल्यावरच त्याला कळलं, आणि तो डेलमरच्या देखत मोकळेपणाने रडला. डेलमरने पुस्तक खिशात घातलं आणि न बोलता त्याच्या शेजारी चिखलात आडवा झाला. दोघांनी पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून जोर लावला. एकेक जॅक करकरत सैल झाला. शेवटचा निघाला तसा सगळा खण कण्हत बोटभर खाली आला, आत एक कप फुटला, आणि मग सगळं शांत झालं. खण कुठेही पडला नाही.

दार सरकल्याचा आवाज आला. आर्लिस पायऱ्या उतरून आली, लाल बूट, निळा झगा. चिखलाने माखलेल्या नवऱ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि तंबूच्या दिशेने चालू लागली.

नॉर्बर्ट मागे चालला. दोन्ही हात पँटच्या खिशात खोलवर कोंबलेले. खडीवर एकदा तिचा पाय वाकडा पडला. त्याच्या तोंडून "आ" निघाला, खिशात मुठी वळल्या, पण हात बाहेर आले नाहीत. ती स्वतःच सावरली आणि मागे न बघता म्हणाली, "दिसलं मला. शाबास."

तंबूत वाळूवर प्लायवूडच्या फळ्या टाकून नाचायची जागा केली होती. नॉर्बर्टने नुसती पाहिली आणि त्याचे गुडघे लटपटू लागले. कडेला उभ्या असलेल्या सगळ्या वाळवंटाला ते दिसत होतं. ट्वायलाने सूर धरला. आर्लिस फळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, वळली, आणि परत त्याच्यापाशी आली.

"चल. तुला उभं राहवत नाहीये."

"तूच म्हणालीस हात लावायचा नाही."

"तू नाही लावायचास. मी लावणार." आणि तिने आपला हात त्याच्या कोपराखाली घातला. "उद्या कार्लाला फोन करायचाच आहे. सांगते, अजून एक हिवाळा तरी आम्ही तुझ्याकडे येत नाही म्हणून."

पोल्का सुरू झाला. पायाखालची फळी चांगलीच डुगडुगत होती. तिच्याखाली काय सारता येईल ते बघायला नॉर्बर्ट वाकला नाही.