चिकटपट्टीखालचा कागद

राजधानी कधीच गेली होती, राजाही गेला होता, पण निवृत्त पोस्टमनला ते काही केल्या पटत नव्हतं. नोकरीत असताना पत्रं वाटता वाटता तो दारोदार राजवटीच्या गोष्टी विचारायचा, जुने कागद मागून आणायचा. लोकांची पत्रं लोकांना देतो आणि त्यांचा कचरा घरी आणतो, असं बायको म्हणायची. गावानं त्याचं नाव 'जुनं दप्तर' ठेवलं होतं. गडी त्यावरही खूश.

वीस वर्षांपूर्वी राजवाड्यातून जाळायला काढलेल्या ढिगातून त्यानं एक कागद ओढून घेतला. वाड्यामागची एकतीस घरं माळी, धोबी, आचारी अशा नोकरांना कायमची दिल्याचा तो राजाचा हुकूम होता. खाली प्रत्येकाचं नाव, तांबडा शिक्का. शेवटचं नाव त्याच्या आजोबांचं. त्या घरात आता त्याची थोरली बहीण, अक्का, एकटी राहत होती.

कागद घड्यांवर फाटत होता. त्यानं दुकानातली सगळ्यात महाग चिकटपट्टी आणली आणि बोटभर जागा न सोडता दोन्ही बाजूंनी लावली. झेरॉक्सच्या उजेडानं शाई उडते असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं, म्हणून कुणाला प्रत काढू दिली नाही. हाताळून झिजेल म्हणून पत्र्याच्या पेटीत घातला तो घातलाच. अति तिथे माती, पण त्याला सांगणार कोण?

पुढे वारसांनी वाडा विकला आणि घेणाऱ्यांनी मागची घरं पाडायला काढली. कोर्टाची तारीख लागली तशी सगळी आळी त्याच्या दारात आली. त्यानं ऐटीत पेटी उघडली. पट्टी चहाच्या रंगाची झाली होती आणि खालची शाई पसरून नावं नुसते डाग झाली होती. शिक्का तेवढा शाबूत. त्यानं नखानं एक कोपरा सोलून पाहिला, तर उरलीसुरली अक्षरंही पट्टीबरोबर निघून आली.

“वाळवीनं खाल्ला असता तर वाळवीला शिव्या दिल्या असत्या,” धोबी म्हणाला, “तुम्हाला काय द्यायच्या?”

पोस्टमनच्या वहीत त्यानं उतरवून ठेवलेली नक्कल होती, ती कोर्टात दिली. समोरच्या वकिलानं अक्षर कुणाचं ते विचारलं. माझं, तो म्हणाला. शेवटच्या घरात कोण राहतं? माझी बहीण. वकील खाली बसला. मग कुणी विचारलं नसताना पोस्टमननं एकतीस नावं ओळीनं म्हणून दाखवली, एकही न चुकता. न्यायाधीशांनी मध्ये तोडलं नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा. निकाल विरुद्ध लागला.

अक्का त्याला एका शब्दानं बोलली नाही. त्याला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. घर रिकामं करायच्या दिवशी तो सकाळीच गेला, आणि फळीवरची आईची काचेची बरणी उतरवून कागदात गुंडाळायला लागला. अक्का आतून आली. तिनं बरणी त्याच्या हातातून अलगद काढून घेतली.

“तू कशाला हात लावू नकोस,” ती म्हणाली. “नुसता बस.”

तो भिंतीला टेकून बसला.