डोलोनच्या खिंडीतलं उत्तर

आत-बाशीच्या खोऱ्यात तुर्दुमातला ओळखत नाही असा माणूस शोधायचा तर कबरस्तानात जावं लागेल, असं लोक म्हणत. आता तिथेही त्याला ओळखणारा एकजण झोपला होता.

तो सागिनाली. दोघं एका सालात जन्मलेले, एका गल्लीतले, म्हणजे कुर्दाश. कुर्दाशाने कुर्दाशाला काहीही बोलावं, बापाच्या नाकापासून बायकोच्या भाकरीपर्यंत. जो चिडेल त्याने मेंढा कापून गावाला जेवू घालावं, हा आमच्याकडचा रिवाज. दोघं उभा जन्म दुधाची गाडी हाकत एकमेकांना सोलत आले, पण मेंढा कुणाचाच कापला गेला नाही.

एका लग्नात त्यांची जुंपलेली नारीन शहरातल्या टीव्हीवाल्यांच्या कानावर गेली. त्यांनी दोघांना एका जुन्या झिगुली मोटारीत बसवलं, मागे कॅमेरावाला. गावोगाव जायचं, मिळेल ते खायचं आणि भांडायचं, एवढाच कार्यक्रम.

"हे सोन-कुलचं तळं," तुर्दुमात सांगे.

"तळं कुठंय?"

"धुक्यामागे."

"मग तुझी अक्कलही तिथंच असेल. ती पण कधी दिसली नाही मला."

डोंगर, तळी, कुरणं तर सगळ्यांच्या दारातच होती. ती बघायला टीव्ही कोण लावतो? लोक लावत ते या दोघांसाठी. ज्यांचे सोबती मजुरीला रशियात गेले होते, ज्यांना बरोबरीने शिवी देणारं कुणी उरलं नव्हतं, ती माणसं चहा ओतून पडद्यापुढे बसत. तेवढा वेळ घरात कुणीतरी आल्यासारखं वाटे.

डोलोनची खिंड चढताना एकदा सागिनाली म्हणाला, "तुर्दुमात, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय रे. गाडी वळव."

तुर्दुमातने मान न वळवता उत्तर दिलं, "दगड नाही तो. जन्मात कुणाला चहा पाजला नाहीस, तो कंजूसपणा साचलाय. खिंड उतरलास की हलका होशील."

सागिनाली स्वतः डोळे पुसेपर्यंत हसला. सारा मुलूख हसला. तो भाग पुन्हा पुन्हा दाखवला गेला.

त्याच हिवाळ्यात गायीला गवत टाकता टाकता सागिनाली खाली बसला, तो उठलाच नाही.

तेव्हापासून तुर्दुमात बाजारात शिरला की कुठल्यातरी दुकानातून हाक येई, "गाडी वळव रे!" आणि हाक मारणारा तोंडभर हसून वाट बघत राही. त्यात वाईट हेतू नव्हता, होती ती मायाच. तुर्दुमात कंजूसपणाचं तेच उत्तर देई. न द्यावं तर गेलेल्या माणसाचा अपमान. पण ते शब्द तोंडातून सुटले की त्याला शेजारी कुणीतरी श्वास ओढल्याचं ऐकू येई. झिगुलीत शेजारची सीट वळणावर कुरकुरे. सागिनालीच्या वजनाने ती पूर्वीही कुरकुरायची. आता कशाने? त्याने त्या सीटवर पिठाचं पोतं ठेवून पाहिलं. पोतं असताना ती गप्प राहिली. पोतं काढलं की पुन्हा कुरकुर.

सागिनालीला वर्ष झालं, त्याच्या नावाचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले. मग सागिनालीच्या बायकोने, बुरुलने, त्याला निरोप धाडला. तो दुपारचा गेला. तिच्या मुलीने कार्यक्रमाचे सगळे भाग शहरातून आणून दिले होते. टीव्ही चालू होता.

"बसा भाऊजी. बोरसोक घ्या," म्हणत तिने कणकेच्या तळलेल्या तुकड्यांची ताटली पुढे सरकवली. " तुमच्या कुर्दाशाच्या मते माझे बोरसोक घोड्याला नाल म्हणून ठोकता येतील."

"खोटं बोलायचा, वहिनी. तीन-तीन मुठी खिशात भरून आणायचा. मला एक देत नव्हता."

ती हसली. खिंडीचा भाग आला. तिने तो पाहू दिला, संपल्यावर आवाज बंद केला.

"एक विचारते. ती थट्टा होती का खरं होतं? घरी मला तो कधी काही बोलला नाही."

थट्टा होती, एवढं म्हटलं असतं की सुटला असता. तिलाही झोप लागली असती. तुर्दुमातने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"खिंड उतरल्यावर खानावळीपाशी थांबलो. कॅमेरावाला आत गेला होता. तेव्हा तो परत म्हणाला, मघाचं खरं होतं रे."

"मग?"

"मी म्हटलं, आता कॅमेरा नाही, फुकट कशाला मरतोस?"

बुरुलची बोटं चहाच्या वाडग्यावर थांबली.

"तो काय म्हणाला?"

"हसला. माझ्यापेक्षा जोरात हसला. पुन्हा कधी त्याबद्दल बोलला नाही."

तिने किटली उचलली. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला वाडगा अर्धाच देतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल, बसून राहील. बुरुलने वाडगा काठोकाठ भरला. तुर्दुमातने तो दोन्ही हातांनी घेतला, उभ्यानेच संपवला, आणि टोपी घातली.

दाराशी मागून आवाज आला. "भाऊजी, आज जा. उद्या या. वाटेत अजून काय काय बोलला ते सगळं सांगायचं. हसू आलं तरी सांगायचं."

तो अंगणात आला. कुंपणाची कडी काढतोय तोच आत टीव्हीला आवाज फुटला. खिंडीतला वारा, इंजिनाची घरघर, मग सागिनाली: "छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय रे. गाडी वळव."

तिथेच तिने बंद केलं.

तुर्दुमात कडीवर हात ठेवून उभा राहिला. उत्तर त्याच्या तोंडाशी आलं होतं. त्याने ते गिळलं. शेजारी कुणीतरी अजून गाडी वळायची वाट बघत होतं.