आधी दोन घास

मी शिकवतो त्या कॉलेजात इंटरनेटपासून मुक्ती या विषयावर एका वक्त्याचं भाषण झालं. ते त्यांनी स्वतःच्या चॅनलवर थेट दाखवलं. मी हसलो. तरी दिवाळीच्या सुट्टीत घरच्या ग्रुपवर मीही एक प्रदीर्घ निवेदन टाकलं: तीन दिवस फोन नाही, कॉम्प्युटर नाही. फोन बंद करून बुलढाण्यात कपाटात ठेवला आणि बहिणीकडे सुलतानपूरला गेलो.

मोठा भाऊ खामगावला असतो. नुकतंच त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि रोज सकाळी आम्ही फोनवर बोलायचो. निवेदन त्यालाही पोचलं, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेतात बसलो होतो. तूर फुलावर आली होती. तेवढ्यात बहिणीचे शेजारी मोटारसायकलवरून आले.

"सर, घरी चला. ताईनं बोलावलं."

"काऊन?"

"काही नाही. चला तं."

आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी सरळ सांगत नाहीत. न्यायला आलेला 'काही नाही' एवढंच म्हणतो. घरी नेऊन आधी जेवू घालतात, कारण एकदा कानावर पडलं की माती होऊन परतेपर्यंत घास घेता येत नाही. आपणही विचारायचं नसतं. या पद्धतीवर मी एकदा लेख लिहिला होता. त्यात 'समंजस' हा शब्द तीनदा होता.

गाडीवर मागे बसून मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. पाठीवरून काही कळत नाही.

घरात ताट वाढलेलं होतं. बहीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी दोन घास खाऊन घे. मंग बोलू."

विचारलं असतं तर तिथंच उत्तर मिळालं असतं. मी विचारलं नाही. मी जेवतोय तोवर दादा जिवंत होता. म्हणून दोनाच्या जागी तीन भाकरी खाल्ल्या, कोरड्या, एकेक तुकडा चावून.

हात धुतल्यावर तिनं तिचा फोन पुढे केला. "दादाले लाव."

घंटी वाजत राहिली. वहिनीचा आवाज आला तर संपलं, एवढंच डोक्यात होतं.

"जिता हायेस का बे?" दादाच होता.

"हाव दादा. काय झालं?"

झालं एवढंच, की माझं निवेदन लांब होतं म्हणून त्यानं ते वाचलंच नव्हतं. दोन दिवस माझा फोन बंद लागला, तेव्हा घाबरून त्यानं बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "काही नाही, तो शेतात हाये. तू जेवून घे, मंग बोलणं करून देतो."

"अन् इकडं तुही वहिनी म्हणे, गोळ्या घ्याच्या हायेत, आधी जेवा. रडत रडत जेवलो बे मी."

"तुहा तो फोनचा उपास जेवल्यावरच मोडू म्हटलं," बहीण मागून पुटपुटली.

फोनवर दादाचा श्वास ऐकू येत होता, भराभर, मध्येच अडकणारा. त्याला धक्का बसेल असं काही करू नका, असं डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बजावलं होतं.

"दादा, काय होऊन राह्यलं? वहिनीले बोलाव."

"काही नाही," तो म्हणाला.

मी चप्पल शोधत बहिणीला विचारलं, जवळच्या मेहकरहून खामगावची गाडी आता किती वाजता आहे.