बाराव्या फोटोतला मारोतराव

मानोऱ्याच्या रंगराव फोटोवाल्यानं अर्ध्या तालुक्याच्या दंडारी टिपल्या, त्या सगळ्या हातात कॅमेरा धरून. दंडार म्हणजे गावचं रात्रीचं नाटक; गॅसबत्तीचा उजेड, पुढं माणसाला माणूस खेटलेला. स्टँड रोवायला जागा कुठली? फ्लॅश मारला की नटाचा चेहरा पिठासारखा पांढरा व्हायचा. म्हणून रंगराव दोन भिंगांच्या त्या जड पेटीचा पट्टा मान काचेस्तोवर ताणायचा, पेटी छातीच्या हाडावर दाबायचा, खाली मान घालून काचेत बघायचा. श्वास सोडायचा, आणि पुढचा घेण्याआधी सेकंदाचा आठवा हिस्सा पुतळा होऊन राहायचा.

तेवढा वेळ समोरच्यानंही हलता कामा नये. इंझोरीचा मारोतराव कधीच हलला नाही. दिवसा भाजीची वाडी, दंडारीत बायकांची कामं. रडण्याआधी पदर ओठाशी नेऊन तो असा थांबायचा की अख्खा मांडव गप्प व्हायचा. रंगभूमीवर बोलणं सोपं, थांबणं कठीण. तो थांबा रंगरावसाठी असे, हे दोघांनाच ठाऊक होतं.

मागच्या हिवाळ्यात मारोतरावनं त्याला बोलावून घेतलं.

"रंग्या, माहे सारे फोटो कोनाच्या ना कोनाच्या बायकोचे. एक माह्या तोंडाचा काढ. मेल्यावर भिंतीवर मीच पायजे."

"नातीच्या फोनात काढ ना."

"तो मले गोरा करते! खोलीतला अंधारबी धुऊन टाकते. मले तुयाच पायजे."

रंगरावपाशी एकच रोल उरला होता, मुदत संपलेला, बारा फोटोंचा. आणि दोन वर्षांपासून त्याचे हात कापत होते. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गुपचूप स्टँड सोबत नेला.

मारोतराव बाजेवर उशीला टेकून बसला होता. अंगाची काडी झालेली. छपरातल्या काचेच्या कवेलूतून उजेडाची एक पट्टी त्याच्या गालावर पडली होती. स्टँड पाहताच तो भडकला.

"त्याले बाहीर ठेव! त्याच्यावर तू मयताचे फोटो काढतं."

खरंच होतं. खुर्चीत बसवलेलं प्रेत, मागं घरचे. गावोगावी स्टँड त्यासाठीच निघे.

"मारोत्या, हात पयल्यावानी नाही राह्यले रे."

"मंग माहं तोंड तरी कुठं राह्यलं? मी मेल्यावर आनजो स्टँड. तवा आरामात काढ, मी काई हलत नाही."

नात वैभवी हसली, आणि तोंड फिरवून आत गेली.

रंगरावनं पट्टा ताणला. काचेत मारोतराव थरथरत होता. थरथरत तो नव्हता. रंगराव भिंतीला टेकला, मग कोठीवर कोपरं रोवली, मग गुडघ्यावर बसला. अकरा फोटो गेले. अकराही वेळा मारोतराव दगडासारखा थांबला. बाराव्याला रंगरावचे डोळे भरून आले, काचेत काही दिसेना.

मारोतराव पुढं वाकला. "दम सोड, रंग्या. मी हावो ना."

आणि हात थांबले. त्याच क्षणी खटका पडला, तसाच जसा पूर्वी पडायचा.

"आला! आला रे मारोत्या!"

दोघं म्हातारे खोकला येईस्तोवर हसले.

रोल धुवायला पुण्याला पाठवावा लागला. तो यायच्या आधीच मारोतराव गेला. फिल्मच नव्हती, तर स्टँड नेऊन काय करायचं? रंगराव मोकळ्या हातानं मयतीला गेला. पुढं भिंतीवर आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. डोळे वटारलेले, चोर पकडल्यासारखा.

"बारावा येऊ दे," तो वैभवीला म्हणाला, "मंग हा काढून टाकू."

पाकीट आलं. अकरा फोटोंत नुसतं धुकं. बारावा त्यानं खिडकीशी धरला. बाजेची सुतळी मोजून घ्यावी, उशीचे टाके दिसावेत, पाण्याच्या गडव्यावरचा पोचा बोटाला लागावा, इतकं सगळं कोरीव. हात खरंच थांबले होते. फक्त चेहऱ्याच्या जागी एक पुसट फराटा होता. थांब्यात जन्मभर न बोललेला माणूस त्याला धीर द्यायला बोलला होता.

फोन वाजला. वैभवी होती.

"आबाजी, आला का फोटो?"

रंगरावनं फोटो उपडा ठेवला.

"आला, माय. पन भिंतीवरचा राहू द्या."