सरांचा विषय आणि खणवाल्या बाई

कचेरीत त्यांना सगळे खणवाल्या बाई म्हणत. कुठलंही संशोधन सरकारी यादीतल्या कुठल्या विषयाखाली, म्हणजे कुठल्या खणात घालायचं, हे ठरवणं हे त्यांचं काम. गंमत म्हणून कुणी विचारलं, "बाई, भूत कुठल्या खणात?" की बाई मान वर न करता सांगत, "लोक मानतात ते समाजशास्त्रात, एकट्याला दिसतं ते मानसशास्त्रात. आणि खरंच सापडलं तर पदार्थविज्ञानवाल्यांकडे पाठवा, त्यांच्याकडे निधी जास्त."

घरी मात्र एकच विषय, नवऱ्याचा. सर बोलींचा भूगोल शिकवत. एकाच वस्तूला गावोगाव काय म्हणतात हे विचारत त्यांनी जन्मभर पायपीट केली आणि त्या शब्दांच्या हद्दी नकाशावर काढल्या. जेवणाचं टेबल कायम त्या नकाशांखाली. बाई ताट मांडीवर घेऊन जेवत, कुरकुरत, पण नकाशा कधी उचलत नसत. भूगोलवाले म्हणत, हे भाषावाल्यांचं. भाषावाले हात झटकून भूगोलाकडे बोट दाखवत. यादीत तेवढी या विषयाला स्वतःची ओळ होती. ओळ होती म्हणून निवडसमितीत त्यातलं कळणारा एक माणूस बसायचा आणि सरांच्या एखाद्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळायची. हल्ली विद्यार्थीच येईनासे झाले होते.

मग यादीची फेरतपासणी निघाली. ज्या विषयात बरीच वर्षं नवीन काम नाही, तो 'इतर'मध्ये टाकायचा असं ठरलं. 'इतर' म्हणजे अडगळीची खोली. तिथं गेलेलं कुणी हुडकायला जात नाही. बैठकीत सरांच्या विषयाची पाळी आली तेव्हा अध्यक्ष चाचरत म्हणाले, "बाई, घरचा मामला आहे. नियमाप्रमाणे तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

बाई बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. दाराच्या काचेतून आतली तोंडं हलताना दिसत होती. हात वर झाले, खाली आले. घोटभर पाणी पिऊन यावं एवढाही वेळ लागला नाही. आणि बाईंना चक्क सुटल्यासारखं वाटलं. त्याची त्यांना लाज वाटली, पण वाटलं ते वाटलं. कारण आत असत्या तर त्यांनीही हात वरच केला असता. दुसऱ्या कुणाच्या विषयाला त्यांनी कधी दयामाया दाखवली नव्हती, मग नवऱ्याच्याच विषयाला कुठल्या तोंडानं दाखवणार?

घरी सर दारातच वाट बघत होते. "काय झालं?"

"अहो, गेला," बाई म्हणाल्या. "मला बाहेर थांबवलं होतं."

सर खुर्चीत बसले. मग त्यांचा चेहरा जरासा उजळला. "तरीच! अगं, तू आत असतीस तर कुणाची हिंमत झाली असती?"

बाई चहा टाकायला गेल्या.

पुढे भेटेल त्याला सर हेच ऐकवू लागले. शेजारी, औषधवाला, जुने विद्यार्थी, कुणी सुटलं नाही. "नियम आडवा आला हो, नाहीतर आमची ही म्हणजे वाघीण!" बाई उठून आत जात, लोकांना वाटे, लाजल्या. आज सांगून टाकू, असं बाई कितीदा तरी ठरवत. पण सर पार खचले होते. नकाशे त्यांनी स्वतःच गुंडाळून माळ्यावर टाकले होते, टेबल रिकामं झालं होतं, आणि बायकोवरच्या या एका भरवशावर ते तग धरून होते. तो काढून घ्यायला बाईंचा जीव धजावेना.

शेवटच्या दुखण्यात, इस्पितळात, एका दुपारी सरांनी त्यांचा हात धरला. आवाज अगदी खोल गेला होता.

"खरं सांग. तू आत असतीस तर वाचवला असतास ना माझा विषय?"

"हो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांशी भांडले असते."

"माहीत होतं मला," सर म्हणाले, आणि हसून, हात तसाच धरून झोपी गेले. बाईंना तो हात सोडवेना, आणि धरवेनाही.